जुनी तुतारी जपायची कशी आणि तिची जुळी बहीण घडवायची कशी

गावच्या भैरोबाच्या देवळात मागच्या खोलीत ती पडून होती. पितळेची, काळवंडलेली, मधल्या नळीला पोचा आलेली. गुरवकाका म्हणाले, "घेऊन जा पुण्याला. चकचकीत करून आण, आणि यंदा यात्रेला तूच वाजव." मी ती चकचकीत केली नाही आणि वाजवलीही नाही. यात्रेला वाजली ती तिच्या मापाने घडवलेली दुसरी तुतारी. काकांना सुरुवातीला हे पटलं नव्हतं.

या लेखातली पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: जुन्या वाद्यावर पुराव्याचं आणि वाजण्याचं असं दुहेरी ओझं टाकू नये. फुंकल्यावर ओलावा आत जातो, तापमान बदलतं, धातू थरथरतो आणि जुना जोड सुटतो. म्हणून जुनी जपायची आणि मोजायची. नवी घडवायची आणि वाजवायची. शिंग असो, कर्णा असो की बँडमधलं जुनं कॉर्नेट, क्रम हाच राहतो.

आधी काहीच करू नका

पहिले दोन दिवस फक्त बघण्यासाठी ठेवा. नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण घामातल्या मिठाने बोटांचे ठसे पितळेवर कायमचे उमटतात. वाद्य ओठाला लावू नका. आत हिरवा गंज असतो, आणि पूर्वी कुणी कीटकनाशक मारलं असेल तर ते आपल्याला कळत नाही.

खोलीत अंधार करा आणि टॉर्चचा उजेड नळीला जवळजवळ चिकटवून तिरपा पाडा. समोरून गुळगुळीत दिसणारा पत्रा तिरप्या उजेडात बोलायला लागतो. आमच्या तुतारीवर मला असे तीन कारागीर भेटले. पसरट तोंडाजवळ हातोडीचे छोटे, एकसारखे ठसे होते, शेजारी शेजारी नीट लावलेले. मधल्या नळीवरचे ठसे मोठे आणि घाईतले. तिसऱ्या जागी ठसेच नव्हते. तो तुकडा यंत्रावर लाटलेल्या पत्र्याचा होता, म्हणजे नंतर बदललेला. पसरट तोंडाच्या लांबीतून एक दातेरी रेघही गेली होती. पत्र्याच्या दोन कडांना दाते पाडून ते एकमेकांत अडकवून झाळलेले होते. हे दाते मी मोजले. सत्तावीस भरले.

लोहचुंबक फिरवा. पितळेला तो चिकटत नाही, त्यामुळे कुठे चिकटला तर तिथे लोखंडी तार किंवा रिबीट आहे. मोजपट्टी शेजारी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. वजन करा. आत काही सापडलं तर फेकू नका. आमच्या नळीत कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. ते तुकडे पुडीत घालून वर तारीख लिहून ठेवले आहेत. त्या मातीवरून एवढं तरी ठरलं, की ही तुतारी बऱ्याच दिवसांत कुणी फुंकलेली नव्हती.

हिरवा, गुलाबी आणि चिरलेला

गडद तपकिरी किंवा काळपट थर हा गंज असला तरी स्थिर असतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. त्याला हात लावू नका. फिकट हिरवी, भुकटीसारखी फुलं आली असतील आणि झटकल्यावर महिन्याभरात पुन्हा येत असतील, तर तो क्लोराइडचा रोग आहे. समुद्राजवळच्या घरात आणि कुंकवा-मिठाचे हात लागलेल्या देवाच्या वस्तूंवर तो असू शकतो. याचा उपचार घरी करायचा नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाची प्रयोगशाळा आहे, तिथल्यासारख्या जाणकारांना दाखवावं.

गुलाबी डाग म्हणजे पितळेतलं जस्त निघून गेलं आणि तांबं मागे राहिलं. चिंच, लिंबू, आमसूल लावून वर्षानुवर्षं घासलेल्या पितळेची ही गत होते. समई दर सणाला घासायची आपली रीत समईपुरती ठीक आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या नळीला ती परवडत नाही.

चिरेची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्याच पावसाची आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली असत, आणि ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं, हे 1921 साली नीट मांडलं गेलं. म्हणून दोन नियम. जुनी तुतारी गोठ्याजवळ, न्हाणीजवळ किंवा पारवे-वटवाघळं बसतात त्या माळ्यावर ठेवायची नाही. अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश लावायचं नाही.

साफसफाई कुठवर

मऊ ब्रशने धूळ काढा. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून कापसाच्या बोळ्याने एकेक वीत पुसा आणि लगेच कोरडं करा. तेलकट थर असेल तर स्पिरिट चालतं. घट्ट हिरवा कण बांबूच्या टोकदार काडीने भिंगाखाली उचला. सुईने नको, ओरखडा राहतो. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. इथे थांबा.

बफिंगच्या चाकावर जुनं वाद्य कधीही देऊ नका. माझ्या आजोबांचं शिंग मी शाळकरी असताना घरच्यांनी एका पॉलिशवाल्याकडे दिलं होतं. ते सोन्यासारखं झळकत परत आलं. आजोबा त्यावरून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "नाव गेलं." घडवणाऱ्याने ठोकलेली अक्षरं घासून सपाट झाली होती. ते शिंग कुणी घडवलं हे आता कुणालाही कळणार नाही. मी या कामात पडलो तो त्या बोटामुळे.

पोचे काढायचा मोहही आवरा. ठोकून ठोकून ताठ झालेलं जुनं पितळ पुन्हा ठोकलं तर फाटतं. ते मऊ करायला तापवलं तर जुना डाख, म्हणजे जोडात वितळवून भरलेला धातू, वितळतो आणि रंगाचा थर जळतो. चीर पुढे सरकत असेल तरच आधार द्या. न वाजवायच्या वाद्याला जपानी कागदाची पट्टी पॅरालॉइड बी-72 या संवर्धनातल्या गोंदाने चिकटवली की पुरे; पुढे कुणाला काढायची झाली तर ॲसिटोनने सुटते. आज आपण जे लावू ते उद्या कुणाला काढता आलं पाहिजे. एम-सील किंवा ॲराल्डाइट भरणाऱ्यांना मी हात जोडून नको म्हणतो.

माप घेणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मला चार रविवार लागले.

वाकलेल्या नळीची लांबी दोऱ्याने घ्या, पण दोरा वाकाच्या आतून किंवा बाहेरून नव्हे, मधोमध धरायचा असतो. कापडी चिकटपट्टीची अरुंद पट्टी नळीच्या कुशीवर हलक्या हाताने लावली तर हे सोपं जातं. मेणाचा हात देण्याआधी नव्हे, नंतर लावा आणि त्याच दिवशी काढा. दर 5 सेंटिमीटरवर खूण करून व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्या, दोनदा, काटकोनात. जुनी नळी क्वचितच पूर्ण गोल असते. आमच्या नळीत एका जागी दोन मापांत दीड मिलिमीटरचा फरक निघाला, आणि तो पोचा नव्हता. जोडाच्या बाजूला कारागिराने तशीच चपटी सोडली होती.

आतला व्यास घ्यायला लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या चकत्या करा: 12, 12.5, 13 मिलिमीटर अशा. पातळ काठीच्या टोकाला एकेक लावून हळूच आत सोडा. जिथे अडेल तिथली खोली लिहा. जोर लावायचा नाही. या आकड्यांचा आलेख काढला की नळी कुठे सरळ आहे आणि कुठे रुंदावते ते डोळ्यांनी दिसतं. वाद्याचा आवाज याच रेषेत असतो. बाहेरची नक्षी हुबेहूब केली आणि ही रेषा चुकली, तर हाती शोभेची वस्तू येते.

पत्र्याची जाडी काठाशी मायक्रोमीटरने घ्या. धातूत काय आहे ते समजून घ्यायचं असेल तर एक्स-रेवर चालणारं यंत्र लागतं. सोनारांकडे कॅरट तपासायला असतं ते याच जातीचं. ते सोन्यासाठी बसवलेलं असल्यामुळे पितळेचे आकडे ढोबळच समजा.

तुकडा गहाळ असेल तर? स्कॉटलंडमध्ये डेस्कफर्डला 1816 च्या सुमारास कार्निक्स नावाच्या प्राचीन रणशिंगाचं नुसतं रानडुकराचं डोकं सापडलं, नळी नव्हतीच. 1993 मध्ये जॉन क्रीड या कारागिराने ते पूर्ण वाद्य म्हणून पुन्हा घडवलं आणि जॉन केनी यांनी ते वाजवलं. अशा कामात अंदाज अटळ असतो. आपल्या वहीतही मोजलेलं काळ्या शाईने आणि अंदाजाचं लाल शाईने लिहा.

ओठाकडची वाटी बहुतेक वेळा मूळची नसतेच. हरवते आणि बँडच्या ट्रम्पेटची बसवली जाते. 1939 मध्ये तुतनखामनच्या थडग्यातले कर्णे कैरोहून रेडिओवर वाजवले गेले, तेव्हा वादकाने आधुनिक वाटी बसवली होती. जगाने जे ऐकलं तो इजिप्तच्या कारागिराचा आवाज नव्हता. वाटीचा काठ, खोली, तळाचं भोक आणि त्यापुढची रुंदावणारी वाट, ही चारही मापं वेगवेगळी घ्या.

पितळ

जुन्या काळी युरोपात तांब्याचे तुकडे जस्ताच्या खनिजासह आणि कोळशासह बंद मुशीत तापवून पितळ करत. जस्ताची वाफ तांब्यात शिरे, आणि साधारण 30 टक्क्यांपलीकडे जात नसे. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झावर इथे मध्ययुगातच वांग्याच्या आकाराच्या मातीच्या भांड्यांतून जस्त ऊर्ध्वपातनाने वेगळं काढत होते.

नकलेसाठी 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त असलेला पत्रा घ्या. दुकानात गेजने मागावा लागतो: 24 गेज म्हणजे साधारण 0.56 मिलिमीटर, 26 गेज म्हणजे 0.46. जुना पत्रा हाताने ठोकलेला असल्याने जाडी जागोजागी बदलते. म्हणून मी 24 गेज घेतो आणि मठारून मठारून, म्हणजे हातोडीने एकसारखा ठोकत, मापावर आणतो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम करणारे हात अजून आहेत. त्यांच्याशेजारी बसून दोन दिवस नुसतं बघा, मग हातोडी धरा.

नळी घडवणं

समजा एका तुकड्याचा बाहेरचा व्यास बारीक टोकाला 14 आणि जाड टोकाला 26 मिलिमीटर आहे. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर हिशोबाला 13.5 आणि 25.5 धरा, कारण वळल्यावर पत्र्याची आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. 3.14 ने गुणलं की रुंदी येते: 42.4 आणि 80.1. आधी कागदावर कापा, वळून बघा, मग पत्र्यावर आखा.

कडा कानशीने सरळ करा. बारीक नळीला कडेला कड भिडवून चालतं. पसरट तोंडाला मात्र दाते हवेत. एका कडेला 5-6 मिलिमीटरच्या अंतराने काप द्या, एक दाता वर, एक खाली असे उचला, दुसरी कड त्यांच्या जबड्यात सरकवा आणि लाकडी मोगरीने दाबून बसवा. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या ट्रम्पेटांना हाच दातेरी जोड आहे. हास, हाइनलाइन, एहे ही तिथली नामांकित घराणी. आपल्या घागरीची शिवणही अशीच असते. इतक्या दूरच्या दोन हातांना एकच युक्ती सुचली याचं मला अजून अप्रूप वाटतं.

लोखंडी तारेने दर दोन बोटांवर आवळा. टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात कालवून जोडावर लावा. खरी नक्कल करायची तर डाख पितळेचाच, जस्त जास्त घातलेला. पण तो 870-880 अंशांना वितळतो आणि आपला पत्रा 915 च्या पुढे वितळायला लागतो. मधली फट अगदी थोडी. मी पहिल्या तीन नळ्यांना भोकं पाडली. नवशिक्याने कॅडमियम नसलेला चांदीचा डाख घ्यावा. तो 700 अंशांच्या आतच वाहतो. फक्त जोडाची रेघ पांढरी दिसते.

ज्योत एका जागी धरू नका. आधी टाकणखार फुगून पांढरा होईल, मग काचेसारखा वितळेल, आणि मग एका क्षणी डाख चमकून जोडात धावेल. तो धावला की ज्योत लगेच काढा. पांढरा धूर दिसला तर जस्त जळतंय. तो श्वासात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. काम उघड्या पडवीत करा.

निवल्यावर आधी लोखंडी तार सोडा, मगच सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात टाका. तार तशीच राहिली तर नळीवर तांब्याचा लाल थर चढतो. धुऊन झाल्यावर नळी लोखंडी दांड्यावर चढवून जोड मठारून सपाट करा. पितळ ताठ झालं, हातोडीचा आवाज टणक यायला लागला, की पुन्हा तापवून मऊ करा. अंधुक उजेडात जेमतेम लालसर दिसेल इतकंच. लाल असताना उचलू किंवा वाकवू नका. गरम पितळ ठिसूळ असतं.

वाक

रिकामी नळी वाकवली तर मुडपते. ती भरावी लागते. जुने कारागीर शिसं किंवा राळ वापरत. शिसं घेऊ नका. ते विषारी आहे, आणि आत उरलेला कण पुढच्या वेळी तापवताना पितळ खातो. राळ, थोडं तेल आणि विटेची बारीक भुकटी एकत्र वितळवा. नळीला आतून तेलाचा हात देऊन एक टोक लाकडी बुचाने बंद करा आणि मिश्रण ओता. रात्रभर निवू द्या.

लाकडाच्या ठोकळ्यात खोबण करून त्यात हळूहळू वाकवा. आतल्या अंगाला सुरकुत्या येतात. त्या राळ भरलेली असतानाच हलक्या हातोडीने मिटवा. जोडाची शिवण कुठल्या बाजूला ठेवायची ते जुन्या वाद्यात बघा. तिथे दिसत नसेल तर कुशीला ठेवा, जिथे पत्रा ना ताणला जातो ना दबतो.

राळ काढताना जीव धोक्यात असतो, म्हणून हे दोनदा वाचा: आधी बूच काढा, आणि तापवायला उघड्या टोकापासूनच सुरुवात करा. मध्येच तापवलं तर आतली राळ फुगते, तिला वाट मिळत नाही, आणि ती उकळती बाहेर फेकली जाते. चष्मा, जाड हातमोजे, आणि तोंड कधीही टोकाच्या रेषेत नाही.

पसरट तोंडाचा काठ तारेभोवती दुमडला की धार जाते आणि आकार टिकतो. जोडावरचे गोल मणी आणि नक्षीच्या पट्ट्या शेवटी. न्यूरेंबर्गच्या ट्रम्पेटांत नळ्या एकमेकींना झाळलेल्या नसत. एकीत एक बसवून मधमाशीच्या मेणाने हवाबंद केलेल्या असत, त्यामुळे दुरुस्तीला सुटत. तुमच्या जुन्या वाद्यातही तसं असेल तर नव्यात डाख लावू नका. सगळं झालं की ठोकून राहिलेला ताण काढायला नळ्या 250 ते 300 अंशांवर तासभर ठेवा, पण मेण लावायच्या आधी. काडतुसांची गोष्ट आठवा.

फुंकून बघणं

एक टोक बंद करून दुसऱ्यातून उदबत्तीचा धूर सोडा आणि हलकेच फुंका, गळती दिसते. मग ओठ लावा.

ढोबळ हिशोब असा: आवाजाचा वेग सेकंदाला 345 मीटर धरला आणि नळी 1.6 मीटरची असली, तर मूळ कंपनं सेकंदाला 108 च्या आसपास येतात, आणि वाजणारे स्वर त्याच्या पटीत: 216, 324, 432. दोनास तीन म्हणजे सा आणि प, तिनास चार म्हणजे प आणि वरचा सा. तानपुऱ्यावर कान तयार असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. मधला पंचम उतरलेला लागला तर आधी वाटी तपासा. बहुतेक वेळा तिथेच गडबड असते. मग नळीच्या आतल्या रेषेकडे वळा.

सूर नीट लागावेत म्हणून नळीला भोकं पाडायचा सल्ला मिळेल. युरोपातल्या अनेक आजच्या बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकाच्या धर्तीवर केलेल्या, ट्रम्पेटांना अशी भोकं असतात. ती 1960 च्या सुमारास आली, त्या काळच्या बाख या जर्मन संगीतकाराच्या वेळी नव्हती. वादकाची सोय होते, पण मग ती नक्कल उरत नाही. जुन्या वादकांनी जे ओठांनी साधलं ते आपणही ओठांनीच शिकावं असं माझं ठाम मत आहे.

शिक्का, कायदा, कपाट

नव्या वाद्यावर आपलं नाव आणि साल ठोका, ठळक दिसेल असं. उद्या कुणी ते जुनं म्हणून विकू नये. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती स्वतःच्या घराण्याची असली तरी परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाही. न्यू जर्सीच्या किंवा लंडनच्या गणपतीत पणजोबांची तुतारी वाजावी असं वाटत असेल, तर त्यांच्यासाठी जुळीच घडवा.

जुनी वस्तू लाकडी कपाटात नको, ताज्या प्लायवूडच्या पेटीत तर नकोच. त्यातून निघणाऱ्या आम्लाने पितळ डागतं. धुतलेल्या मांजरपाटाची पिशवी, आत सिलिका जेल, आणि वाकांखाली कापडाच्या गुंडाळ्या, म्हणजे वजन एका जागी येत नाही. नवी वाजवून झाली की उलटी धरून पाणी काढा आणि रात्रभर उघड्यावर ठेवा.

यात्रेच्या दिवशी पालखी उठली तेव्हा गुरवकाकांनी नवी हातात घेतली आणि आधी तिचा काठ बोटाने चाचपला. एका हाताने तोलून म्हणाले, "वजन तेच आहे." 40 ग्रॅमचा फरक होता. मी तो वहीत काळ्या शाईने लिहून ठेवला आहे.